एफीच्या भटारखान्याचं दार

आमची ‘काउंटेस’ ही ग्लासगोच्या क्लाइड नदीतली सगळ्यात देखणी आगबोट. तिच्या दोन्ही कुशींची चाकं जोरात फिरली की काठावरच्या ग्रीनॉक गावातल्या बायकांनी वाळत घातलेलं धुणं पुन्हा ओलं व्हायचं. खोटं वाटत असेल तर जाऊन विचारा, पण शिव्या खायची तयारी ठेवा.

खोड एकच. धक्का दिसला की उतारू त्या बाजूला धावायचे, बोट कलायची, पलीकडचं चाक पाण्याबाहेर येऊन हवेत गरगरायचं आणि बोट जागच्या जागी गोल फिरायची. म्हणून प्रत्येक आगबोटीवर साखळदंडांनी भरलेली एक गाडा-पेटी असे. गर्दी डावीकडे गेली की पेटी उजवीकडे ढकलायची.

कप्तान मर्चीच्या डोळ्यांत ती पेटी खुपायची. “एवढ्या जागेत पाचपंचवीस उतारू उभे राहतील!” साखळ्या बोटीच्या तळाशी फेकून त्याने पेटीच्या जागी पेस्लीचा लठ्ठ पाववाला टॅम गाउडी नोकरीला ठेवला. “पेटी ढकलावी लागते, हा स्वतःच्या पायांनी चालतो!”

“टॅम्या, डावीकडे! टॅम्या, उजवीकडे!” टॅम धावायचा. उतारू त्याला बनपाव फेकून मारायचे, तो झेलून खायचा.

बोटीवर स्वयंपाकाला एफी होती. विधवा, आणि जीभ मासे चिरायच्या सुरीसारखी. एक दिवस टॅमने सगळ्यांदेखत विचारलं, “एफीबाई, माझ्याशी लग्न कराल?”

“माझ्या भटारखान्याच्या दारातून आत येऊन दाखव. तिरका होऊन नाही, सरळ. मग बघू.”

अख्खी बोट हसली. टॅम हसला नाही. त्याने खाणं सोडलं. झेललेले पाव तो समुद्रपक्ष्यांना टाकू लागला. त्या उन्हाळ्यात क्लाइडवरचे पक्षी इतके माजले की बदकांसारखे चालत घरी जायचे.

पण वजन गेलं तर नोकरी जाणार, आणि नोकरी गेली तर एफी कुठली दिसायला! म्हणून त्याने तळाशी पडलेल्या साखळ्यांचे तुकडे कोटाच्या अस्तरात शिवले. मांस जितकं उतरे, तितकं लोखंड चढे. वरून गोलाई दिसावी म्हणून दोर पिंजून भरला. हे आम्हाला कळलं ते फार नंतर.

ग्लासगोच्या जत्रेचा शनिवार आला. सगळं शहर बोटींनी रॉथसेच्या किनाऱ्यावर मौजेला निघालेलं. जी बोट धक्क्याला आधी लागेल, तिलाच परतीची गर्दी मिळणार. आमच्या उजव्या कुशीला ‘थिसल’ ही दुसरी आगबोट घासत चालली होती. धक्का डावीकडे, उतारू डावीकडे. टॅम उजव्या चाकावरच्या लाकडी झाकणावर, अगदी कडेला. ‘थिसल’ने धडक दिली आणि टॅम पाण्यात.

“कप्तानसाहेब, टॅम पडला!” मी ओरडलो.

“पडू दे! चरबी कधी बुडते का? परतताना उचलू.”

“टॅम्या, पोहत आमच्या आधी पोच रे!” उतारू खिदळले.

एफीने भटारखान्यातून डोकं बाहेर काढलं. “थांबा जरा, लोणी वर येईल!”

लोणी वर आलं नाही. टॅमचा भार गेला तसं उजवं चाक हवेत उचललं गेलं आणि ‘काउंटेस’ फुगडी घालू लागली. ‘थिसल’ टोपी हलवत धक्क्याला लागली.

“मेल्याला धक्क्याला लागेपर्यंत कळ काढता येत नव्हती?” कप्तान केस उपटत होता.

मग आम्ही पाण्यात आकडे टाकले. टॅमला वर ओढताना चौघांची कंबर मोडली. कोटाची बटणं तोडली तशा साखळ्या खळाखळा फळ्यांवर सांडल्या आणि आतून सुकवलेल्या हेरिंग मासळीसारखा एक थंडगार माणूस निघाला.

कप्तान वाकून म्हणाला, “हा आपला नव्हे. आपला लठ्ठ होता. शोधा अजून.” मग त्याची नजर साखळ्यांवर गेली. “आणि ते लोखंड गोळा करा रे. पेटी भरा.”

एफीने भटारखान्याचं दार उघडलं, कारण तिथे टेबल होतं. आम्ही टॅमला उचलून नेला. सरळ. दाराच्या चौकटीला त्याचा खांदासुद्धा लागला नाही.

“आता आलास होय, मेल्या,” एफी म्हणाली आणि तिने टेबलावरचं लापशीचं पातेलं बाजूला केलं.