वहीतला दुसरा रकाना

सोमवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी कापड कारखान्याच्या रंगजुळणी विभागातली धाकटी तपासनीस राणी ठणकणारं डोकं धरून टेबलावरचा दिवा विझवून उठली आणि शेजारच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन पडली. त्या महिन्यातली ही सहावी वेळ.

“निघाल्या राणीसरकार,” थोरली तपासनीस म्हणाली. तिला सगळे ताई म्हणत. “आमच्या खांद्यावर डोकी कुठे, नुसती मडकी.”

ताईंची नोकरी बावीस वर्षांची. रंगवलेला तुकडा मूळ नमुन्याशेजारी धरायचा, तीन वेगवेगळ्या दिव्यांखाली बघायचा, केसभर फरक दिसला तरी परत पाठवायचा. नजरेवर पोट भरत आलेल्या ताईंच्या लेखी जे दिसत नाही ते नाहीच. राणीच्या कपाळावर त्यांना काही दिसत नव्हतं. दिसत होती ती सवलत: अंधारी खोली, अर्धी रजा, साहेबांचं “बरं वाटतंय का?” ताईंना हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तेच सलत होतं.

बुधवारी त्यांनी अर्ज दिला: डोकेदुखी नेमकी अवघड मालाच्या दिवशी येते, चौकशी व्हावी. गुरुवारी खोलीला कुलूप लागलं. शुक्रवारी राणी आली नाही.

पुरावा मिळेल म्हणून ताईंनी तिचा खण उघडला. आत एक वही, रोजचे दोन रकाने: डोकं, मन. शेवटची नोंद गुरुवारची.

डोकं: सकाळपासून. उलटी.

मन: ताईंना मी खोटी वाटते. आता मलाही वाटते. उद्या जाग येऊ नये.

ताई वही घेऊन थेट कारखान्याच्या दवाखान्यात गेल्या. सिस्टरनी वाचलं आणि आधी राणीच्या नवऱ्याला फोन लावला. “तिला एकटं सोडू नका. डॉक्टरांना मी कळवते.”

मग ताईंकडे वळल्या. “दुसऱ्याची वही वाचलीत, हे चूकच. पण इथे आणलीत, बरं केलंत. बसा.”

“डोकं दुखतं म्हणून कुणी असं लिहितं?”

“महिन्याचे निम्मे दिवस डोकं ठणकलं की मन खचतं. मन खचलं की झोप जाते, मग डोकं आणखी ठणकतं. हे नाटक नाही, वेडही नाही. दोन्हींवर उपचार आहेत, पण ते बरोबरीनं करावे लागतात. वर कुणी खोटं ठरवलं, तर माणूस सांगायचंच थांबतं.”

“आणि मी? बावीस वर्षं दुखतं डोकं घेऊन उभी राहिलेच ना?”

सिस्टरनी चष्मा काढला. “तुमचंही दुखतं?”

“आठवड्यातून तीनदा. सांगून ऐकणार कोण होतं?”

“म्हणून तिचं ऐकलं गेलेलं तुम्हाला बघवेना.”

ताईंनी टेबलावरची वही मिटली. मग म्हणाल्या, “अर्ज मागे घ्यायचा तर कुणाकडे जायचं?”

असा अर्ज आपल्यापैकी अनेकांनी मनातल्या मनात केलेला असतो. दुखणारं डोकं दिसत नाही, खचलेलं मन तर त्याहून नाही. म्हणून ती खोटी ठरत नाहीत. शेजारणीला मिळालेली सवलत आपल्या ताटातून गेलेली नसते. आपल्यालाही हवी असेल, तर आपली मागावी. तिची बंद पाडू नये.

पुढच्या सोमवारी ताईंनी अर्ज मागे घेतला आणि दोघींसाठी खोली मागणारा नवा दिला. साहेब “बघतो” म्हणाले. ताईंनी स्वतःचीही तपासणी करून घेतली. राणीवर दोन्ही उपचार सुरू झाले आहेत. मंगळवारी ताई तिच्या घरी गेल्या. नवऱ्यानं दार उघडलं, आत जाऊन आला आणि खाली बघत म्हणाला, “आज नको म्हणते.”

हे लिहीपर्यंत ती कामावर परतलेली नाही.