टाकून गेलेल्या टोपल्या

थोरल्याचं वागणं आईला मुळीच पटत नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक ताटकळत उभं, आणि हा काचेच्या खोलीत खुर्चीला रेलून रांगेकडे असा बघायचा, जणू सगळी याच्याच सत्काराला जमलीत!

"रांग दिसली पाहिजे, आई," तो म्हणायचा. "रस्त्यानं जाणाऱ्याला वाटतं, इथं माल चांगला मिळतो. मग तोही आत शिरतो."

आत शिरतो खरा, पण कंटाळून बाहेर पडतो, ते आईला दिसायचं. दुसरं काउंटर कुलूप घालून, प्लॅस्टिक पांघरून ठेवलेलं. पहिल्यावर एकटी सून, सकाळपासून मान वर न केलेली. निघून गेलेल्यांच्या टोपल्या कुठं साबणाच्या कपाटाखाली, कुठं बरण्यांच्या आड. त्यातली एकेक वस्तू जागच्या जागी लावायचं काम आपसूक आईच्याच गळ्यात पडलेलं. अक्षरं तिला जेमतेम लागायची, पण टोपलीत डोकावलं की कोण गेलं ते कळायचं. खाली वाकलं की गुडघे कुरकुरायचे. उठायचं ते कपाटाला धरून.

दुकान तिच्या हातात होतं तेव्हा गर्दी झाली की ती आवाज द्यायची, "ज्यांच्याकडे दोनच जिनसा, त्यांनी इकडं या!" मागचा पुढच्याशी भांडायच्या आत सगळे मार्गी लागायचे.

त्या संध्याकाळी नर्सबाई रांगेत होत्या. दुकान म्हणजे नुसती एक खिडकी होती तेव्हापासूनचं गिऱ्हाईक. पुढं नऊ माणसं. या पायावरून त्या पायावर भार टाकून बाई थकल्या, आणि त्यांनी टोपली खाली ठेवली.

"काकू, निघते मी. दिवसभर उभ्यानं ड्युटी, आता इथंही उभंच? पाय उरले नाहीत हो."

"थांबा, दुसरं काउंटर उघडायला सांगते त्याला."

"मागच्या आठवड्यातही हेच म्हणालात." बाई दमलेलं हसल्या. "तुमचं ऐकतंय कोण इथं आता? मी आपली कोपऱ्यावरच्या दुकानात जाईन."

चारचौघांत बोलल्या त्या बोलल्या, वर खोटंही नव्हतं!

त्या टोपलीतलं तिनं काहीच जागेवर लावलं नाही. टोपली तशीच उचलून थोरल्याच्या टेबलावर, त्याच्या कागदांवर ठेवली. मग दुसरी आणली. तिसरी. चौथी आणताना भिंतीला टेकून दम खाल्ला.

"अगं, इथं काय मांडतेस? दूध नासेल ना!"

"नासू दे. ही नर्सबाईंची. ही शिंप्याची, मीठ न् काडेपेटीसाठी अर्धा तास उभा होता. ही शाळेतल्या बाईंची. ही कुणाची ते मला ठाऊक नाही. कुणी नवा आला असेल, तोही गेला."

"एवढे गेले?"

"तुला उभे असलेलेच तेवढे दिसतात."

काचेपलीकडं सून पदरानं कपाळ पुसत होती. थोरल्यानं खिशातून काउंटरची चावी काढली आणि आईपुढं धरली.

आईनं हात पुढं केला नाही.

"माझी हाडं झिजली, आणि ते बिलाचं मशीन मला यायचं नाही. चावी तुझ्याकडंच ठेव. आधी ही टोपली नर्सबाईंच्या दारात नेऊन दे, पायी. आल्यावर त्या काउंटरमागं बस. रांग बघायची एवढी हौस ना तुला? तिथून जवळून दिसेल."