पेटी, वाढपी आणि एक नसती सही

मी पेटी बोलतेय. सोनईच्या चर्चमध्ये उपासनेला वाजते ना, तीच. वय विचारू नका. भात्याला ठिगळं आहेत, पण सूर खणखणीत आहेत.

माझे धनी थॉमस मास्तर. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. शेवटच्या आजारपणात भाची एंजेला त्यांना भरवायची आणि संध्याकाळी मला वाजवायची. पुतण्या नॅथन नाताळला यायचा, केक खायचा आणि घराच्या भिंती निरखायचा.

मास्तरांनी मृत्युपत्र केलं ते माझ्याच झाकणावर कागद ठेवून. घर नॅथनला, मी आणि बाकी उरलंसुरलं एंजेलाला. वाटप करून द्यायची जबाबदारी, म्हणजे एक्झिक्युटर, तीही एंजेलाच. साक्षीला शेजारचे दोघं बोलावले होते.

"काका, परक्याच्या सहीला काय किंमत? घरचं मानूस हाय की," म्हणत नॅथननं एका शेजाऱ्याला बाजूला सारलं आणि इतका जोर लावून सही केली, की माझ्या पॉलिशवर वण उठला.

मास्तर गेले. माती देऊन आल्यावर चहा निवायच्या आत नॅथन म्हणाला, "पेटी मी नेनार. हायवेच्या हॉटेलवाल्याला शोभेला पायजे. एक्झिक्युटरला सोताला काय घेता येत न्हाई. वाढपीच आपल्या ताटात वाढून घ्यायला लागला, तर पंगतीनं काय करायचं?"

एंजेला घाबरली. "घर तुलाच हाय की रं. एवढी पेटी ऱ्हाऊ दे. मामांचा हात फिरलाय तिच्यावर."

मीही घाबरले. हॉटेलात माझ्यावर प्लॅस्टिकची फुलं ठेवली असती.

नॅथननं मला टेम्पोत घातलं. मृत्युपत्र घेऊन एंजेलाही चढली. वाटेत नगरला दमयंती वकीलबाईंकडून होकार घ्यायचा आणि तसंच हॉटेल गाठायचं, असा बेत. वकीलबाईंनी कागद वाचला.

"एक्झिक्युटरला वारसा घेता येतो. वाढप्याला जेवायची बंदी नाही. बंदी साक्षीदाराला आहे. तुम्हा ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या कायद्यात, साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. ही सही कुणाची?"

"माझीच हाय," नॅथन हळू म्हणाला. "मग घर?"

"ते आता उरल्यासुरल्यात गेलं. उरलंसुरलं कुणाला लिहिलंय?"

एंजेला हसली नाही. मी हसले असते, पण भाता बंद होता.

आता मी एंजेलाकडं आहे. घराचं तिनं अजून काही ठरवलेलं नाही. नॅथन मात्र हल्ली दर रविवारी चर्चला येतो, पुढच्या बाकावर बसतो आणि तिला अदबीनं 'ताई' म्हणतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

एंजेला मला पुसते तेव्हा तो वण तिच्या हाताला लागतो. नॅथनला मी मिळाले नाही. त्याची सही तेवढी मला मिळाली. बाबांनो, पेटीवर कागद ठेवू नका. वाजवा तिला.