गाळलेलं नाव

चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत प्रार्थनेची यादी वाचायचं काम माझ्याकडे आहे. आठवडाभर मशीनवर मान मोडून लोकांचे कपडे शिवायचे आणि रविवारी इस्त्रीचा सदरा घालून त्यांचीच दुखणी मोठ्यानं वाचायची. मंडळी मला भाविक समजते. समजू दे बापडी.

यादीत पहिलं नाव ताईचं असायचं. माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. पक्षाघातानं तिचे पाय गेले तेव्हापासून ती माझ्या घरी, खिडकीजवळच्या पलंगावर. मी तिचं नाव वाचलं की सगळे "आमेन" म्हणायचे. नेमकं त्याच वेळी, साडेदहाला, ती घरी एकटीच पलंगाचा कठडा धरून उभी राहायला बघायची. अख्खी मंडळी आपल्यासाठी देवाकडे मागत असताना आपण लोळत पडायचं, हे तिला पटत नसे. जितके आकडे मोजेपर्यंत पाय टिकतील, तितक्या रेघा भिंतीवर, माझ्याच कापड आखायच्या खडूनं. कधी तीन, कधी चार.

दीड वर्षानं मी तिचं नाव गाळलं. खरं कारण सांगतो, मला लाज वाटायला लागली होती. तेच नाव, तेच पाय. मागच्या बाकावर कुणीतरी जांभई दिली आणि मला वाटलं, ती मलाच आहे. नवी यादी लिहिताना ताई राहून गेली, अशी मी माझी समजूत घातली. मंडळीत कुणी विचारलंही नाही. घरी ती मात्र दर रविवारी विचारायची, वाचलंस ना रे? मी बूट काढता काढता हो म्हणायचो. असे चार महिने गेले.

मग एका रविवारी घरी आलो तर भिंतीवर नव्या अकरा रेघा. ताईला काय करू नि काय नको झालेलं. मला कागद घ्यायला लावून तिनं मंडळीला पत्र सांगितलं: एकही रविवार न चुकता तुम्ही माझं नाव घेतलंत, तुमच्या प्रार्थनेच्या बळावर मी उभी राहिले. पुढच्या उपासनेत हे वाचून दाखव, म्हणाली.

पत्र वाचलं असतं तर चारचौघांत माझं पितळ उघडं पडलं असतं. शनिवारपर्यंत कळ काढली आणि मग तिला सांगून टाकलं. आव प्रामाणिकपणाचा होता, वाचवत होतो ती माझी अब्रू.

तिनं भिंतीवरच्या रेघांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे त्या अकरा आकड्यांना मी एकटीच होते?"

"देव होता की, ताई."

"तो होताच. मी तुझं विचारतेय."



दुसऱ्या दिवशी तिचं नाव सगळ्यात आधी वाचलं. आमेनही चांगलं खणखणीत झालं. मी जवळजवळ धावतच घरी आलो. भिंतीवर नवी रेघ नव्हती. खडू खिडकीत होता तिथेच होता. ताई कुशीवर पडली होती.

आज उभी नाही राहिलीस का, मी विचारलं.

"आज नको वाटलं, बाबू."

मी पलंगापाशी गुडघे टेकले आणि तिच्या पायांसाठी मागितलं. दीड वर्ष मी नुसतं वाचत होतो. मागितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. संपल्यावर थांबलो. ताईनं आमेन म्हटलं नाही.