फाईल संपल्यानंतरच्या ओळी

जुन्या संगणकांवर नवी सॉफ्टवेअर चढवून देणे हा त्याचा व्यवसाय होता. इतरांनी ज्यांच्या नावाने आंघोळ केली, अशी यंत्रे तो पुन्हा चार पावले चालवून दाखवी. म्हणून ओळखीपाळखीचे लोक त्याला ‘वैद्य’ म्हणत. त्याच्या शास्त्रात एक नियम ब्रह्मवाक्याच्या मानाचा होता: जी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमनी वापरायचा तयार कोडचा संच, स्वतःच्याच चाचण्यांत नापास झाली, ती यंत्रात बसवायची नाही. बांधणे, म्हणजे लिहिलेल्या कोडमधून चालती वस्तू तयार करणे, वेगळे आणि बसवणे वेगळे. बांधलेली वस्तू एका फोल्डरमध्ये पडून राहते, मनात येईल तेव्हा पुसता येते. बसवलेली मात्र घरची होते, आणि मग यंत्रातला जो तो तिच्याच डोळ्यांनी पाहू लागतो.

त्या शनिवारी दुपारी तो थोरल्या बहिणीच्या फोटो स्टुडिओत बसला होता. स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला रस्त्यावरचे दार. दुसऱ्या टोकाला, पूर्वी जिथे कॅमेऱ्याचा स्टँड दाराकडे तोंड करून उभा असे त्याच जागी, आता टेबल आणि त्यावर भावोजींचा जुना संगणक. आठ वर्षांपूर्वी भर दुपारी भावोजी ‘आलोच’ म्हणून त्या दारातून बाहेर पडले, ते पडलेच. ना चिठ्ठी, ना निरोप. निघण्याच्या काही मिनिटे आधी त्यांनी एक फोटो काढून ठेवला होता आणि त्याची फाईल काही केल्या उघडत नव्हती. संगणकाच्या डिस्कला असे कुलूप होते की तिच्यावरची फाईल दुसऱ्या यंत्रात नेली की मुकी होई. खराब झालेल्या फाईली वाचू शकणारी एक लायब्ररी आता निघाली होती. तिचा कोड खुला होता, कुणीही फुकट घ्यावा आणि हवा तसा बदलावा. पण ती जन्मली होती नव्या यंत्रांसाठी. तिला या म्हाताऱ्या यंत्रावरच बांधणे भाग होते.

ताईला दुसरे काही नको होते. गेलेला माणूस परतायच्या बोलीवर गेला की कायमचा, एवढेच तिला त्या फोटोतून कळायला हवे होते.

पडद्यावर लायब्ररीच्या प्रश्नोत्तरांच्या ओळी सरकू लागल्या.

“काय विचारतेय रे ती?” ताईने खुर्ची जवळ ओढली.

“राहायला येण्याआधी घर बघतेय. नळ आहे का, खिडकी आहे का.”

“मग?”

“नळही नाही, खिडकीही नाही. मी करून देतोय.”

“तू? लहानपणी पाण्याचा तांब्या कधी भरला नाहीस, आणि आता परक्या बाईला नळ बसवून देतोस!”

“परकी नाही, खुली आहे.”

“तेच ते. चहा घे आणि कामाला लाग.”

लायब्ररीला हवी असलेली अकरा फंक्शने, म्हणजे एकेक ठरावीक काम करणारे कोडचे तुकडे, त्या जुन्या यंत्रणेत नव्हतीच. दहा त्याने मन लावून लिहिली. अकरावे एकच प्रश्न विचारणारे होते: फाईलमध्ये अजून काही उरले आहे का? त्याचे खरे उत्तर काढायला अर्धा तास तरी गेला असता, आणि ताईची नजर मानेवर टोचत होती. तेव्हा त्याच्या धंद्यातले सगळेच कधी ना कधी करतात तेच त्याने केले. फंक्शनचे नुसते टरफल लिहिले, जे कोणत्याही फाईलबद्दल डोळे मिटून ‘हो, उरले आहे’ एवढेच सांगेल. ‘नंतर भरू’ असे तो मनाशी म्हणाला, आणि बांधणी सुरू केली.

यंत्र दीड तास धापा टाकत राहिले. बांधणी संपताच ताई म्हणाली, “उघड.”

“आधी चाचण्या.”

“तुझ्या चाचण्या गेल्या खड्ड्यात. आठ वर्षं झाली, वैद्या.”

त्याने फाईल उघडली. चित्र वरून खाली, ओळीओळीने उतरू लागले. आधी छत आले, मग दाराची चौकट, मग अर्धवट उघडे दार, आणि शेवटी उंबऱ्यावर पडलेले ऊन. माणूस कुठेच नव्हता.

“एवढंच?” ताईचा आवाज खोल गेला.

त्याने चाचण्या लावल्या. त्रेचाळीसपैकी बेचाळीस उत्तीर्ण. नापास झालेली एकच: फाईल संपल्यावर थांबणे. हे त्याला अपेक्षितच होते. अपेक्षित नव्हता तो पुढचा आकडा. चित्र दोन हजार चारशे ओळींचे आहे असे फाईल स्वतः सांगत होती आणि प्रत्यक्षात पडद्याच्या खालच्या कडेपलीकडे त्याहून दोनशे चाळीस ओळी अधिक उतरल्या होत्या.

संपलेल्या फाईलच्या पलीकडे वाचत गेले की काय दिसते, हे त्याने उभ्या जन्मात शेकडो वेळा पाहिले होते: रंगीत पट्टे, ठिपके, निव्वळ कचरा. त्याने चित्र वर सरकवले. उंबऱ्याच्या खाली जमीन होती. दारापासून आतल्या बाजूच्या दोन फरशा, सांध्यांसकट, आणि त्यांवर धुळीने उमटलेले चपलांचे ठसे.

“डावी टाच बाहेरून झिजलेली आहे,” ताई हळूच म्हणाली. “ह्यांचीच चप्पल. बोटं कुणीकडे आहेत रे?”

“आपल्याकडे.” त्याने घसा खाकरला. “म्हणजे त्या दिवशी ते बाहेरून आत आले, मग फोटो काढला, मग गेले. सरळ आहे.”

“फरशी बघ.”

“बघितली. करड्या ठिपक्यांची आहे.”

“ती मी चार वर्षांपूर्वी बसवली. ते गेले तेव्हा इथे लाल होती.”

दोघांनीही एकदमच मागे वळून पाहिले. खोलीतली खरी फरशी सकाळी पुसल्यासारखीच लख्ख होती. दारापासून टेबलापर्यंत सात फरशा. एकीवरही डाग नव्हता.

वैद्याने फाईल बंद करून पुन्हा उघडली. आता उंबऱ्याखाली तीन फरशा होत्या. संगणक पूर्ण बंद करून, वायर काढून, दहापर्यंत आकडे मोजून त्याने तो पुन्हा सुरू केला. चार. चौथ्या फरशीवर उजव्या पायाचा ठसा अगदी ताजा वाटत होता.

वाद घालणाऱ्या माणसाला भीती वाटली की तो कारणे शोधतो. यंत्राच्या स्मृतीतले जुने अवशेष, बांधणी करणाऱ्या कंपायलरचा दोष, कुठल्यातरी दुसऱ्या फोटोचे तुकडे, अशी एकेक कारणे त्याने ताईपुढे मांडली, आणि चार वर्षांपूर्वी बसवलेल्या फरशीपाशी येऊन प्रत्येक कारण मुकाट्याने खाली बसले. शेवटी त्याने अकरावे फंक्शन उघडले.

“काय करतोस?”

“टरफल भरतोय. आता ते खरं उत्तर देईल, आणि चित्र उंबऱ्यापाशी थांबेल. जिथे थांबायला हवं तिथे.”

“म्हणजे ह्यांना दाराबाहेर उभं करतोस.”

“ताई, तिथे कोणी नाहीये. हे चुकलेलं वाचन आहे.”

“मग घाबरतोस कशाला?”

“माझी चूक आहे म्हणून!” त्याचा आवाज चढला. “मी खोटं लिहिलंय. काहीच उरलेलं नसताना उरलंय म्हणून सांगणारं फंक्शन आहे ते.”

ताई हसली, ते हसू त्याला आवडले नाही. “आठ वर्षं मला सगळे खरंच सांगत आले रे. तूसुद्धा. संपलंय ताई, पुढचं बघ. आणि हे एक निर्जीव टरफल काय ते म्हणालं, अजून उरलंय. कोणाचं खरं ठरलं, तूच सांग.”

“पण पुढे काय येईल, मला माहीत नाही.”

“मला माहीत आहे. हे येतील.”

“आणि जे येईल ते भावोजी नसले तर?”

ताईने दाराकडे पाहिले. रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली आणि दूर जाऊन तो आवाज विरला.

“परतायच्या बोलीवर गेले होते,” ती म्हणाली. “एवढंच मला हवं होतं, ते मिळालं. त्यापुढचं मी निस्तरीन. तू तुझी ती लायब्ररी बसवून टाक. उद्या तुझ्या मनात येईल आणि तू फोल्डर पुसशील. मी ओळखते तुला.”

खरेच, तेच त्याच्या मनात होते. फोल्डर पुसायचे, उद्या नीट बांधायचे, उंबऱ्यापाशी थांबणारे एक स्वच्छ चित्र बहिणीला द्यायचे आणि तिला पुन्हा आठ वर्षे मागे ढकलायचे. मग, आयुष्यात पहिल्यांदाच, नापास लायब्ररी यंत्रात बसवण्याची आज्ञा त्याने टंकली. यंत्राने हरकत घेतली नाही. क्षणार्धात लायब्ररी घरची झाली.

त्याने फोटो उघडला. छत, चौकट, दार, ऊन. मग एक, दोन, तीन, चार, पाच, सहा फरशा. या वेळी दोन पावले एकदम. सहाव्या फरशीवर दोन्ही ठसे शेजारी शेजारी होते, चालता चालता थबकलेल्या माणसाचे असतात तसे.

“कुठवर आले?” ताईने विचारले. ती पडद्याकडे पाहत नव्हती.

त्याच्या मानेमागे कोणीतरी सावकाश, लांबून चालत आलेल्या माणसासारखा श्वास घेत होते. मागे वळण्याचे धैर्य त्याला झाले नाही.

“आपल्या पाठीशी,” तो म्हणाला.

ताईने मान हलवली, आणि आपली खुर्ची थोडी बाजूला सरकवली. मध्ये आणखी एक माणूस बसू शकेल एवढी.