आदर सक्रिय करा

माझ्या मावशीला जगात कुणालाच 'तुम्ही' म्हणता येत नाही. डॉक्टरला तू, पोस्टमनला तू. एकदा कोर्टात साक्षीला गेली, तेव्हा न्यायाधीशांना म्हणाली, "तू आधी पाणी पी, मग बोलू." निकाल तिला हवा तसा लागला, त्यामुळे सवय सुटायचं काही कारणच उरलं नाही.

मावशी घड्याळं दुरुस्त करते. तिच्या दुकानाची वेबसाइट मी बांधली. त्यासाठी वापरलेलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्याचा सगळा कोड कुणीही उघडून वाचू शकतं, बदलू शकतं, हे मी तिला समजावलं.

"म्हणजे याला मागून स्क्रू आहेत?"

"तसं म्हण."

"मग चालेल. ज्याला स्क्रू नाही त्यावर माझा विश्वास नाही."

मजकूर तिनंच सांगितला, मी टाइप केला. एकूण अकरा पानं झाली. 'तू घड्याळ घेऊन ये. मी उघडून बघते. घाई असेल तर तू दुसरीकडे जा.' मला तर आवडलं. साइट सहा महिने सुखात नांदली. दिवसाला चार जण यायचे, त्यातला एक मी.

मग संग्रहालयाच्या संचालक बाईंचा मेल आला. संग्रहालयाच्या दिवाणखान्यात माणसाच्या उंचीचं एक घड्याळ आहे. मावशी ज्यांच्या हाताखाली काम शिकली, त्या उस्तादांनी ते चाळीस वर्षं सांभाळलं. ते गेले आणि पाठोपाठ घड्याळही थांबलं. त्याला आता अकरा वर्षं झाली. एका कारागिरानं सुचवलं होतं, की आतलं सगळं काढून टाकू आणि बॅटरीचं यंत्र बसवू. बाईंनी लिहिलं होतं, 'निर्णय घेण्याआधी तुमची वेबसाइट पाहीन आणि सोमवारी सकाळी दुकानात येईन.'

मावशीनं मेल दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. "आतलं सगळं काढून?" एवढंच म्हणाली. त्या दिवशी तिनं तीन घड्याळं दुरुस्त केली, त्यातलं एक बिघडलेलं नव्हतं.

घाबरली ती ताई. ताई म्हणजे मावशीची मुलगी, शाळेत भाषा शिकवते. तिच्या वर्गातली मुलं शिंकतातसुद्धा शुद्ध. "आई, संचालक बाई हे वाचणार? 'तू दुसरीकडे जा'?"

ताईनं दोन दिवस बसून सगळी क्रियापदं हातानं बदलली. 'ये'चं 'या' झालं, 'जा' होतं तसंच राहिलं आणि तिचा वेळ वाचला. उरले 'तू', एकशे बारा. ताई म्हणाली, तेही करते. मी म्हणालो, माणसानं कशाला करायचं? मी एक प्लगइन लिहितो. प्लगइन म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला मागून लावायचा छोटा जोडभाग. मूळ मजकुराला तो हात लावणार नाही, फक्त पान दाखवताना जिथे 'तू' दिसेल तिथे 'तुम्ही' लावेल. त्याचं नाव मी ठेवलं 'आदर'.

साइटच्या नियंत्रण पानावर बटण आलं, 'आदर सक्रिय करा'. मी केला. 'आदर यशस्वीरीत्या सक्रिय झाला,' असं उत्तर आलं. घरात इतक्या वर्षांत जे जमलं नव्हतं ते एका क्लिकमध्ये झालं. पहिलं पान तपासलं, त्यावर तीन वाक्यं होती आणि तिन्ही सुरेख. भरात येऊन मी ते प्लगइन सगळ्या जगाला वापरायला खुलं करून टाकलं.

सोमवारी बाई साडेदहालाच आल्या. हातात टॅबलेट होता, चेहरा कोरा.

"बस ना तू," मावशी म्हणाली. शाळेतून रजा काढून आलेल्या ताईनं डोळे मिटले.

बाई बसल्या. "साइट वाचली. एक विचारू? 'वस्तुम्ही' म्हणजे काय?"

"काय?"

बाईंनी वाचायला घेतलं. वाचनाचा आवाज बातम्या देणाऱ्यांसारखा. "'कोणतीही जुनी वस्तुम्ही टाकू नका. धातुम्ही झिजतो, पण संपत नाही. आमचा हेतुम्ही एकच. तुम्हीर्तास दुकान रविवारी बंद.'"

दुकानात सदतीस घड्याळं आहेत. ती सगळी ऐकू आली.

"टोमणा नाही मारत," बाई टॅबलेट खाली ठेवत म्हणाल्या. "पण ज्यांना आपलं लिहिलेलं तपासायला वेळ नाही, त्यांच्या हातात मी ते घड्याळ कसं देऊ? बॅटरीवाल्याच्या साइटवर निदान शब्द तरी सरळ आहेत."

मावशीनं कामाचा छोटा चिमटा उचलला आणि होता तिथेच ठेवला. आता आपण काहीतरी केलं पाहिजे, असं मला वाटलं.

"एक मिनिट, मी आदर बंद करतो," मी म्हणालो.

"बंद नको करूस," मावशी म्हणाली. "चालू असतानाच बिघाड दिसतो. प्लग, लॅपटॉप आण इकडे. मागून उघड."

प्लग म्हणजे मी. हे नाव तिनं मला तीन वर्षांचा असताना ठेवलं. कारण सांगायची गरज नाही, बोट आता बरं आहे.

मी कोड उघडला. कामाची ओळ एकच होती. मावशीनं डोळ्याला भिंग लावलं. स्क्रीनला भिंग लागत नाही हे मी सांगितलं नाही. बाईही खुर्ची पुढे ओढून वाकल्या.

"ही ओळ काय करते, सांग."

"'तू' दिसला की त्याच्या जागी 'तुम्ही' बसवते."

"कुठलाही तू?"

"कुठलाही."

"अरे गाढवा, वस्तूच्या शेवटी आहे तो तू वेगळा. तो चाकाचा दात आहे, चाकाला जोडलेला. तो उपटून कसा चालेल? सुट्टा आहे की जोडलेला, हे आधी बघायचं. दोन्ही बाजूंना मोकळी जागा असेल तरच हात लावायचा."

"स्वल्पविरामही चालेल," ताई भिंतीकडे बघत म्हणाली. "आणि पूर्णविराम."

मी तसं लिहिलं. चार मिनिटं लागली. पान पुन्हा उघडलं, वस्तू परत वस्तू झाली होती, धातू परत धातू, आणि सगळीकडे 'तुम्ही' जागच्या जागी. मावशीनं अकराच्या अकरा पानं वाचायला लावली, मोठ्यानं. पहिल्याच वेळी हे का केलं नाहीस, असं तिनं विचारलं नाही. बघितलं फक्त.

"आणि मूळ लिहिलेलं?" बाईंनी मला विचारलं. "ते पुसलं गेलं?"

"नाही. ताईनं बदललेली क्रियापदं सोडली तर मूळ तसंच आहे आत. हा जोडभाग काढला की पुन्हा मावशीचा 'तू'."

मी काढून दाखवलं. सगळेच्या सगळे 'तू' परत आले. बाईंनी ते पान मात्र सावकाश वाचलं, आणि त्यांच्या कोऱ्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी उमटलं.

मग त्या मावशीकडे वळल्या. "घड्याळात तुम्ही जे कराल, तेही असंच काढता येईल?"

"नाहीतर काय? प्रत्येक स्क्रू वेगळ्या वाटीत, वाटीवर चिठ्ठी. उद्या माझ्यापेक्षा शहाणं कुणी आलं तर त्याला माझी चूक काढता आली पाहिजे. पण तो बॅटरीवाला आतलं काढून ठेवणार कुठे, हे विचारलंस का तू त्याला?"

बाईंनी टॅबलेट बंद केला. "नाही विचारलं," त्या म्हणाल्या. "बुधवारी या."

बुधवारपर्यंत 'आदर' जगात नऊ जणांनी बसवला होता. एका पाळणाघरानं मला लिहिलं, 'आमच्या साइटवर आता बाळांनाही तुम्ही म्हटलं जातं. दुरुस्त कराल का?' मी विचार केला. बाळांनी तक्रार केली आहे का, असं उलट विचारलं. अजून उत्तर नाही.

संग्रहालयात मी वाट्या आणि चिठ्ठ्या धरून उभा होतो. मावशीनं घड्याळाचा दरवाजा उघडला. आत, लाकडावर, उस्तादांनी पेन्सिलीनं लिहिलेल्या तारखा होत्या, एकाखाली एक. शेवटच्या तारखेवर तिनं अंगठा ठेवला. लंबकावरची धूळ पुसली. मग त्या घड्याळाला, हळू आवाजात, म्हणाली,

"चला. उठता ना तुम्ही?"

मी पिशवीतून लॅपटॉप काढून पाहिला. आदर बंदच होता.