माझा डावा पट्टा

मी एक जुना हार्वेस्टर आहे, मित्रांनो; भात कापणारा, झोडणारा आणि पोत्यात भरणारा. मला चाकं नाहीत, रबराचे दोन रुंद पट्टे आहेत. जिथे ट्रॅक्टर चिखलात रुतून बसतो, तिथे मी ऐटीत चालतो. थोडा गर्विष्ठ आहे मी, पण माझा गर्व फुकटचा नाही.

दाभोळजवळच्या या गावात मी ट्रकमधून उतरलो, तेव्हा बायकांच्या बचत गटाने मला ओवाळून नारळ फोडला. गावातले बहुतेक पुरुष मुंबईला. मग मला चालवणार कोण? गटातल्या सखूबाईंनी पदर खोचला आणि पंधरा दिवसांत त्या शिकल्या. पहिल्या वर्षी हसणारे दुसऱ्या वर्षी ‘आमचं शेत आधी’ म्हणत त्यांच्या दारात उभे राहिले. खंडेनवमीला झेंडूची पहिली माळ माझ्याच गळ्यात पडू लागली.

सखूबाई स्वतःचं शेत मात्र सगळ्यांत शेवटी कापायच्या. तिथे जायची सरळ वाट त्यांच्या चुलत दिरांच्या, रघूभावजींच्या बांधावरून होती. जमिनीच्या मोजणीवरून दोन घरांत अबोला होता. त्या बांधाला धक्का नको म्हणून सखूबाई मला आपल्याच शेताच्या कोपऱ्यातून तिरपं चढवायच्या. डावा पट्टा आधी वर, आणि सगळा भार त्याच्यावर. वर्षानुवर्षं तो भार मी मुकाट्याने सोसला.

मग डावा पट्टा एका अंगाला सरकू लागला. जो तो म्हणे, ढिला झालाय, आवळा. आवळला. पुन्हा सरकला, पुन्हा आवळला. मी कण्हत चालायचो. यंदा बांध चढतानाच पट्टा निखळून पडला. सखूबाईंचं भात पिकून वाकलं होतं आणि दोन दिवसांत पाऊस सांगितला होता. भिजलं तर दाणे जागच्या जागी रुजणार, घरचं वर्षाचं अन्न जाणार. त्यात कुणीतरी म्हणालं, “भंगारात द्या आता ह्याला.” मला फार वाईट वाटलं.

सखूबाईंनी वेदिकाला बोलावलं. ती दाभोळच्या धक्क्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करते.

“ही होडी नाय गो,” सखूबाई म्हणाल्या.

“होडीत इंजिन आणि पाण्यातला पंखा एका रेषेत नसले की होडी थरथरते, मावशी. ह्याचं दुखणं तसलंच वाटतंय.”

तिने मला ओंडक्यांवर उचललं आणि पट्ट्याच्या आतल्या पुढच्या चाकापासून मागच्या दातेरी चाकापर्यंत मासेमारीचं तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, ताणून धरलं. पट्टा ज्यांच्यावरून फिरतो ते मधले सगळे रूळ त्या रेषेत हवे होते. दोन आत गेले होते. त्यांना धरणारा लोखंडी दांडा वाकला होता.

“पट्ट्याचा काय दोष नाय. त्याची वाटच वाकडी झालेय. बांध कसा चढता तुम्ही?”

सखूबाईंनी खाली मान घालून खरं ते सांगितलं. पलीकडे रघूभावजी गवत कापत होते. त्यांनी ऐकलं, विळा उचलला आणि ते निघून गेले.

वेदिकाने दांडा तापवून, ठोकून सरळ केला. पट्टा चढवून तो अधांतरी फिरवला, आणि कधी हा बोल्ट, कधी तो बोल्ट जरासा फिरवत त्याला बरोबर मध्यावर आणलं. “जास्त आवळू नका हां,” तिने बजावलं. “थोडी ढील पायजेच.”

सकाळी सखूबाई मला पुन्हा त्याच कोपऱ्याकडे वळवू लागल्या. समोर रघूभावजी उभे होते. त्यांनी आपल्या बांधावर फणसाच्या दोन जाड फळ्या टाकल्या होत्या.

“वैनी, हितनं सरळ ने.”

“बांध ढासळला तर, भावजी?”

“तर परत घालू. दोघांच्या घरची माणसं लागतील, एवढंच.”

सखूबाईंनी डोळे पुसले आणि गिअर टाकला. दोन्ही पट्ट्यांवर सारखा भार घेऊन मी चढलो. असं हलकं मला कारखान्यातून निघालो तेव्हाही वाटलं नव्हतं! दुपारपर्यंत सगळं भात पोत्यांत होतं. पाऊस दुसऱ्या दिवशी आला, तेव्हा पोती रघूभावजींच्या पडवीत होती, कारण शेतापासून तीच पडवी जवळची होती.

मित्रांनो, तुमच्या घरचं एखादं यंत्र एका अंगाला ओढू लागलं, तर त्याला नुसतं आवळू नका, आणि भंगारात तर मुळीच काढू नका. इतके दिवस ते कुणाचा भार एकट्याने वाहत होतं, एवढं आधी वाकून बघा.